दोन माणसांचा कुकर

कुपवाड, २० नोव्हेंबर १९७४

श्री. नाथाजीराव यांस सुलाचा नमस्कार.

तुमच्या हुकमाप्रमाणे खोली ताब्यात घेतली. पुढं एक, मागं एक, मागच्या खोलीत ओटा आणि मोरी. नळ बाहेर, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच. घरमालक सुकुमार पाटील शेजारीच राहतात, जैन आहेत. त्यांच्या मंडळी गुणमालावहिनी स्वभावाने बऱ्या वाटल्या. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "मालक कधी येणार?" फेब्रुवारीत पेन्शन घेऊन येणार आणि इथल्या कारखान्यात वॉचमन म्हणून लागणार, असं मी सांगितलं. सांगताना मलाच ते छान वाटलं, म्हणून दोनदा सांगितलं.

लग्नाला सात वर्षं झाली. तुमच्या रजा सोडल्या तर आपण एका छपराखाली राहिलोच नाही. आता राहू. तुम्ही लिहिलंत, "तू आधी जाऊन घर लाव, मी लावलेल्या घरात येतो." तर लावते.

पण तुम्ही तुमच्या आईला लिहिलेल्या एका शब्दानं काय केलं तेही ऐका. "सुलाची चूल कुपवाडला मांडू" असं लिहिलंत. आकारामभावजींनी आत्याबाईंपुढं ते मोठ्यानं वाचलं. बराकीत चूल म्हणजे नुसती चूल असेल. आपल्या वाडीत चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. "बिऱ्हाड" लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं? आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळी भांडी अंगणात मांडून बसल्या.

"चूल येगळी तर भांडीबी येगळी. घे तुझी वाटणी," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आवं आत्याबाई, मी चूल न्हाई नेत. राकेलचा इस्टू घेनार हाय."

"इस्टूला काय शिंगं असत्यात व्हय? चूल ती चूल."

तांब्या मला, कळशी धाकट्या जावेला. परात धाकटीला, काथवट मला. असं करत करत पाटा-वरवंट्याशी आल्या आणि थांबल्या. मग वरवंटा उचलून माझ्या पिशवीत टाकला आणि पाटा भिंतीला उभा केला. आता मला सांगा, पाट्याशिवाय वरवंट्याचं मी काय करू, लोणचं घालू? बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. मला मूल नाही, म्हणून हा असा हातात दिला, असंही माझ्या मनात आलं. ते खरं असेल तर फार वाईट आहे. तुमच्या आईला विचारायची माझी छाती नाही.

तुम्ही विचारा, नाहीतर नका विचारू. मी इथं मजेत आहे.

सुला


कुपवाड, ११ डिसेंबर १९७४

तुमचं कार्ड मिळालं. "मी खुशाल, सामान जपून घे, फार खर्चात पडू नको." एवढ्या ओळींसाठी तिकडची पेन्सिल झिजली नसेल अशी आशा आहे.

जपूनच घेते आहे. पहिला प्रश्न स्टोव्हचा. गॅसचं नाव काढायचं नाही, नंबर लावलेल्यांची पोरं लग्नाला आली तरी सिलिंडर येत नाही म्हणतात. राहिले दोन. एक वातीचा, एक पंपाचा. वातीचा स्वस्त, त्याला रॉकेल कमी लागतं, भडका व्हायची भीती नाही. गुणमालावहिनींकडं तोच आहे. पंपाचा महाग, त्याला पिन मारा, पंप मारा, आणि पेटला की सगळ्या आळीला कळतं. वहिनी म्हणाल्या, "सुलाताई, एकट्या बाईला वातीचाच बरा. डोळे मिटून घ्या."

मी डोळे उघडे ठेवले आणि पंपाचा घेतला.

तुम्ही विचाराल, का? तर त्याला आवाज आहे. वहिनींच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, मग त्यांच्याकडचा भांड्यांचा आवाज थांबतो. कारखान्यातली माणसं सायकली घेऊन निघून जातात. त्यानंतर ह्या आळीत काही हलत नाही. मी तेव्हा स्टोव्ह पेटवते. तो भणभणत असतो तोवर घरात कुणीतरी आहे असं वाटतं. भाकरी झाली की चावी सोडायची, आणि तो सुस्कारा टाकून गप्प होतो. ते मला आवडत नाही. कधी कधी मग उगीच चहाला आधण ठेवते. रॉकेल जास्त जातं हे कबूल.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही किती भाकरी खाता? रजेवर यायचात तेव्हा आत्याबाईच तुम्हाला वाढायच्या, मी चुलीपुढं पाठमोरी. सध्या वहिनींचा तवा मागून आणते; आपला केवढा घ्यायचा ते त्यावर ठरवायचं आहे. भात आवडतो की भाकरीच? सैन्यात भातच देत असतील. कुकर घ्यायचा म्हणते, तर माणूस किती खातो हे ठाऊक हवं. नवऱ्याला असं पत्रातून विचारायला लागतं याची लाज वाटते, पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

उत्तर नक्की लिहा.

सुला


कुपवाड, ५ जानेवारी १९७५

भाकऱ्यांचं लिहिलं नाहीत.

आज सांगलीला गणपती पेठेत गेले होते, इस्त्री बघायला. तुम्हा लोकांना कडक घडी लागते एवढं मात्र मला माहीत आहे. दुकानात विजेची होती, चकचकीत, तिच्याकडं बघून नमस्कार केला आणि जुन्या बाजारात जाऊन पितळेची कोळशाची घेतली. मूठ जरा हलते. चिंच लावून घासली तर आता सोन्यासारखी दिसते.

त्याच दुकानात कपडे धुवायचं यंत्र होतं. हसू नका. पत्र्याचं पिंप, वर झाकण, बाजूला हाताने फिरवायचा दांडा. दुकानदार म्हणाला, "बाई, आत कपडे टाका, साबण टाका आणि दांडा फिरवा. दगड नको, आपटणं नको." त्याने मला फिरवून बघायला सांगितलं. फिरवला. विहिरीचा रहाट बरा म्हणायचा इतका जड. मी विचारलं, "यात कपडे किती लागतात?" तो म्हणाला, "पाच-सहा माणसांचं धुणं आरामात निघतं." मी म्हटलं, "आणि एका माणसाचं?" तो म्हणाला, "एका माणसाला कशाला यंत्र, बाई?" त्याचं काही चुकलं नाही. माझं धुणं म्हणजे एक लुगडं, एक चोळी, एक परकर. दोरीवर टाकलं की दोरीच जास्त दिसते.

गेल्या रजेत तुम्ही तुमचा हिरवा शर्ट खुंटीला विसरला होतात, तो मी बरोबर आणला आहे. त्याला धूळ बसली होती. तो धुऊन, इस्त्री करून ठेवला. इस्त्री चांगली चालते.

लसणीची चटणी खाऊन महिना उलटला. वरवंटा ओट्यावर उभा आहे, देवासारखा. वहिनींचा पाटा मागता येत नाही, त्यांना कांदा-लसूण चालत नाही आणि मला त्याशिवाय चालत नाही. त्या म्हणाल्या, मिक्सर घ्या. मिक्सरचा भाव ऐकून मी मिरच्या दगडाने ठेचल्या.

सुला


कुपवाड, २८ जानेवारी १९७५

साताऱ्याला जाऊन आले. एकटी. एस.टी.त खिडकी मिळाली, कराडपर्यंत ऊस आणि ऊसच, गुऱ्हाळांचा वास. सैनिकांच्या कॅन्टीनमध्ये कुकर बाजारापेक्षा बराच स्वस्त मिळतो असं ऐकलं होतं.

काउंटरवर एक म्हातारे लालासाहेब म्हणून आहेत, निवृत्त सुभेदार, मिशा अजून ड्यूटीवर. त्यांनी तीन आकाराचे कुकर काढून ओळीत उभे केले, कवायतीला उभे केल्यासारखे.

"घरात मानसं किती?"

मी म्हटलं, "दोन."

"पोरंबाळं?"

"न्हाईत अजून."

"हुतील. मधला न्या, पाच लिटरचा. मालक जेवायला कसे हायेत?"

मी पुढच्या कुकरचं झाकण उगीच फिरवून बघितलं. मागं रांग होती. एक बाई हसली. मी म्हटलं, "चांगले हायेत." लालासाहेब वर बघून म्हणाले, "मालक हायेत कुठं पन?" मी तुमचं युनिट सांगितलं. ते जरा मऊ झाले. पण कार्ड तुमच्यापाशी, सही तुमची लागणार; तुमच्या हातची चिठ्ठी आल्याशिवाय कुकर मिळायचा नाही. "फेब्रुवारीत येनारच हायेत न्हवं, मग काय घाई?" असं म्हणून त्यांनी तिन्ही कुकर परत फळीवर चढवले.

खरंच, काय घाई? पण तुम्ही दारात याल तेव्हा भात शिजून तयार असावा, आणि शिट्टी झालेली असावी, असं मी मनात ठरवून ठेवलं आहे. म्हणून चिठ्ठी पाठवा. येणारच असाल तर नका पाठवू, हातानेच घेऊन या.

तुमचा शर्ट आज पुन्हा धुतला.

सुला


कुपवाड, १९ फेब्रुवारी १९७५

पाकीट आलं. फोडलं तर आत कॅन्टीनची चिठ्ठी, तुमची सही, शिक्का. पाकीट झटकून बघितलं, उजेडात धरून बघितलं. दुसरं काही नव्हतं.

येणारच असाल तर चिठ्ठी पाठवू नका, असं मी लिहिलं होतं. तुम्ही ते नीट वाचलं नसेल असं धरून चालते.

सुला


कुपवाड, १६ मार्च १९७५

आता सगळं लिहिते, राग येईल तो येऊ दे.

फेब्रुवारी गेला. वहिनींनी विचारायचं सोडून दिलं, तेच जास्त लागलं. मी पुढच्या खोलीला पांढरी माती दिली, तवा घेतला, मोठाच घेतला, तुमचं उत्तर आलं नाही म्हणून. विट्याकडची गाडी दुपारी नाक्यावर थांबते. तुम्ही गावी जाऊन मग इकडं येणार असं मला वाटायचं, म्हणून पाणी भरायच्या निमित्तानं मी त्या वेळेला बाहेर असायची.

परवा गाडी थांबली आणि कंडक्टरचा आवाज आला, "म्हातारे, उतर आता, दगूड मी देतो खाली." उतरल्या त्या तुमच्या आई. कंडक्टरनं खाली ठेवला तो पाटा. गोणपाटात बांधलेला, वर सुंभाची गाठ. वाडीपासून विट्यापर्यंत एका गाडीत, विट्यापासून इथवर दुसऱ्या गाडीत, मांडीवर घेऊन आल्या. कंडक्टरनं दगडाचं लगेज लावलं म्हणून त्याच्याशी भांडल्या, ते भांडण अजून संपलं नव्हतं.

मी धावत गेले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "आधी ह्यो उचल. माझी मांडी गेली."

पाटा दोघींनी धरून आणला. ओट्याशी ठेवला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, स्टोव्ह बघितला, इस्त्री बघितली, मागं जाऊन दोरीवरचा तुमचा शर्ट बघितला. परत येऊन बसल्या.

"नाथ्या आला न्हाई, मग त्येचा शर्ट वाळतूय कसा?"

तुम्हालाही मी हे लिहिलं नव्हतं. दर दोन दिवसांनी तो धुते आणि वाळत टाकते. आळीतल्या माणसांना दिसावं, ह्या घरात पुरुष आहे, मिलिटरीतला आहे. अंगात कुणी न घालता त्याची कॉलर फाटली. नुसती धुऊन फाटली.

आत्याबाई म्हणाल्या, "तुज्या सासऱ्याचा पटका मी बी असाच वाळत घालायची. पार इरून गेला. आनि त्ये आले तवा म्हनले, माझा पटका कुनी वापरला?"

त्या हसल्या आणि मला रडू आलं. मग त्यांनी सांगितलं, ज्यासाठी आल्या होत्या ते. तुम्ही त्यांना लिहिलंत, मला नाही. हवालदार केलं, नोकरी वाढवून घेतली, आणखी चार वर्षं. "सुलाला तूच समजावून सांग," असं शेवटी. भावजींनी वाचून दाखवलं. आत्याबाईंनी त्यांना तिथंच थांबवलं, "बास कर, मला कळलं," म्हणाल्या आणि पाटा बांधायला घेतला.

हवालदार झालात, आनंद आहे. पेढे वाटले मी, खोटं सांगत नाही. पण चार वर्षं तुम्ही मागून घेतलीत, आणि ते मला सांगायला तुम्हाला साठीच्या पुढची बाई लागली. शत्रूसमोर उभं राहता आणि बायकोला एक ओळ लिहायला घाबरता? मला फार राग आला आहे. तो लपवत नाही. रागापेक्षा जास्त असं वाटतं, की मी इथं कुणासाठी मिरच्या ठेचत होते.

संध्याकाळी मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, मला वरवंटाच का दिला वं? पोर न्हाई म्हनून?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कपाळाला हात लावला.

"अगं येडे, पाटा तुला उचलंल व्हय एकटीला? तुज्यासंगं हुतं कोन? म्हनून वरवंटा दिला. पाटा नाथ्या आला की घिऊन यील म्हनलं. रागात हुते मी, व्हय. पन राग आला म्हनून का सुनंच्या पाठीवर धोंडा देऊ?"

चार महिने मी तो वरवंटा मनात घोळवत बसले होते. आणि वाडीत चार महिने त्या पाट्यावर कुणी काही वाटलं नाही. धाकटीनं नवा वरवंटा आणू का विचारलं तर म्हणाल्या, "हाय त्येचा. कुपवाडला हाय."

रात्री लसणीची चटणी वाटली. स्टोव्ह पेटवला तर त्यांनी कानावर हात ठेवले. "लय बोंबलतूय गं ह्यो. वातीचा का न्हाई घेतलास?"

पंपाचा का घेतला ते मी त्यांना सांगितलं. भाकरी झाल्यावर चावी मी सोडायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे जरा येळ."

सुला


कुपवाड, २ एप्रिल १९७५

तुमचं पत्र मिळालं. पानभर लिहिलंत, सात वर्षांत पहिल्यांदा. चुकलं म्हणालात, बढतीचं, पेन्शन वाढेल त्याचं, सगळं समजावलंत. मी दोनदा वाचलं. आत्याबाईंना एकदा वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "बापासारकंच लिवतूय." ते चांगलं की वाईट ते सांगितलं नाही.

तुम्ही विचारलंत, खोली सोडून वाडीला जातेस का. नाही जाणार. वहिनींनी मला कारखान्याच्या लोकांचे डबे करायचं सुचवलं आहे, बघते आहे. आत्याबाई आखाडापर्यंत इथंच राहणार. पुढं त्यांचं त्या ठरवतील. आल्यागेल्याला त्या सांगतात, "आमचं कुपवाडचं बिऱ्हाड." चूल म्हणत नाहीत.

तुमच्या शर्टाचं सांगायचं राहिलं. परवा मी तो धुवायला घेतला तर त्यांनी हातातून काढून घेतला. "आता कशाला? मी हाय की घरात," म्हणाल्या. मग आम्ही त्याच्या चिंध्या केल्या, गरम भांडी उतरवायला. पाठीचं कापड अजून दणकट निघालं. राग मानू नका.

काल दोघी साताऱ्याला गेलो, तुमची चिठ्ठी घेऊन. लालासाहेबांनी मला ओळखलं. पुन्हा तिन्ही कुकर ओळीत मांडले आणि मधल्यावर हात ठेवला. "हाच न्हवं? मालक कवा येत्यात?"

मी म्हटलं, "ल्हानगा द्या. घरात दोन मानसं हायेत. मी आनि माझी सासू."

त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं, तुमच्या सहीकडं बघितलं आणि लहान कुकर बांधून दिला. येताना तो आत्याबाईंच्या मांडीवर होता. दगडापेक्षा बरा, म्हणाल्या.

आज सकाळी पहिला भात लावला. शिट्टी झाली तेव्हा त्या दचकून उठल्या आणि मग पुन्हा कधी होते म्हणून त्याच्यासमोर बसून राहिल्या. खालच्या डब्यात भात, वरच्यात वरण, दोघींना बरोबर पुरलं, शीतही उरलं नाही.

तुम्ही किती खाता ते अजून कळवलं नाहीत. आता नाही कळवलंत तरी चालेल. रजेवर आलात तर भात दोनदा लावीन.

सुला